दाताच्या दवाखान्याची पाटी किती मोठी असावी?

भारतीय दंत परिषदेने 1976 साली दंतवैद्यांसाठी आचारसंहिता केली. तिच्यात पाटीबद्दल एक कलम होतं. दवाखान्यावरची पाटी 0.9 मीटर बाय 0.6 मीटरपेक्षा मोठी नको, म्हणजे साधारण तीन फूट बाय दोन फूट. तिच्यावर नाव आणि पदवी सोडून काही लिहायचं नाही, लुकलुकणारे दिवे लावायचे नाहीत, शोकेस मांडायची नाही. शिवाय ‘टीथ’ आणि ‘पेनलेस एक्स्ट्रॅक्शन’ हे शब्द नावानिशी सांगून बंद केलेले. पुढे 2014 मध्ये सुधारित नियम आले, पण जाहिरात करून पेशंट ओढणं गैर, ही मूळ भूमिका तशीच राहिली.

आता संध्याकाळी आपल्या गावातल्या मुख्य रस्त्यावरून एक चक्कर मारा. हसऱ्या बाईच्या बत्तीस दातांचा पंधरा फुटी फ्लेक्स, खाली ‘वेदनारहित उपचार’, कोपऱ्यात ‘तपासणी मोफत’. नियमाचं पुस्तक आणि रस्ता यांची गाठ पडलेली दिसत नाही. मी स्वतः याच धंद्यातला. त्यामुळे फ्लेक्स लावणाऱ्याची अडचण मला कळते आणि नियम करणाऱ्याची भीतीही. ‘दुखणार नाही’ या साध्या दिलाशाला नियमाने एवढं का घाबरावं, याचं उत्तर मात्र अमेरिकेत शोधावं लागतं.

एडगर रँडॉल्फ पार्कर हा मूळचा कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा. 1892 मध्ये फिलाडेल्फियाहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन तो परतला, पाटी लावली आणि बसून राहिला. पेशंट येईना. सभ्य डॉक्टराने जाहिरात करू नये हा संकेत तेव्हाही होता, त्यामुळे वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं. नवं क्लिनिक टाकलेल्या कुणालाही हे पहिले महिने ओळखीचे वाटतील. टेबलावरची मासिकं पुन्हा पुन्हा सारखी करायची, आणि बेल वाजली की दारात वॉटर फिल्टर विकणारा उभा. पार्करने शेवटी सभ्यपणा गुंडाळून ठेवला. सर्कसवाल्या पी. टी. बार्नमकडे काम केलेला एक माणूस हाताशी धरला. मग उंच हॅट, घोडागाडी आणि बँड असा सरंजाम घेऊन तो भर रस्त्यात दात काढू लागला. दाताला 50 सेंट, आणि दुखलंच तर आपणच 5 डॉलर देऊ, अशी बोली. बँडने दोन कामं व्हायची. गर्दी जमायची, आणि खुर्चीतल्या माणसाने ठो ठो बोंब मारली तरी ती तुतारी-ढोलात बुडून जायची, म्हणजे पुढचा नंबर असलेला पळून जायचा नाही. एका दिवसात 357 दात काढले असा त्याचा दावा होता. त्यांची माळ करून तो गळ्यात घालायचा. ती माळ आणि दातांनी भरलेली एक बादली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने जपून ठेवली आहे.

पुढे पार्कर कॅलिफोर्नियात ‘पेनलेस पार्कर’ या नावाने व्यवसाय करत होता, तेव्हा दंतवैद्याने स्वतःच्या खऱ्या नावानेच व्यवसाय करावा, असा कायदा तिथे झाला. पार्करने 1915 मध्ये रीतसर अर्ज करून स्वतःचं नावच ‘पेनलेस’ करून घेतलं. आता काय करणार? 1952 मध्ये तो वारला तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या क्लिनिकांची साखळी उभी होती.

या माणसाला भोंदू म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. त्याची पदवी खरी होती. ज्यांना दंतवैद्य परवडत नव्हता त्यांच्यापर्यंत तो स्वस्तात पोचला, दात स्वच्छ ठेवा असं गर्दीला ओरडून सांगत राहिला. त्याची चूक एकच, पण मोठी होती. तो जे विकत होता ते देणं कुणाच्याच हातात नसतं.

का नसतं, ते समजून घेण्यासारखं आहे. कार्ल कोलर या डॉक्टरने 1884 मध्ये कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं, आणि दंतवैद्यांनी ती युक्ती लगेच उचलली. पार्करही कोकेनचंच द्रावण वापरायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोकेन आलं. आम्ही आज वापरतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं आणि 1948 मध्ये बाजारात आलं. हे औषध चेतातंतूच्या आवरणातून आत शिरलं तरच बधिरपणा येतो, आणि आत शिरतात ते त्याचे विद्युतभार नसलेले रेणू. पू झालेल्या, सुजलेल्या जागी ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात. तिथे बहुतेक रेणूंवर भार चढतो आणि ते दाराबाहेरच राहतात. म्हणजे तीन रात्री ठणका सोसून, लवंगेचं तेल आणि वेदनाशामक गोळ्या संपवून, गाल सुजल्यावर जो पेशंट येतो, त्याचीच दाढ बधिर करणं सगळ्यात अवघड. त्यात खालची दाढ असली तर आणखी पंचाईत. खालच्या जबड्याचं हाड जाड, औषध त्यातून झिरपत नाही. जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते त्या जागेजवळ सुई न्यावी लागते. ओठ अर्धा जड झाला की आम्ही समजतो लागलं. तरीही आतली चिडलेली नस कधी कधी ऐकत नाही.

म्हणून अनुभवी डॉक्टर ‘अजिबात दुखणार नाही’ असं म्हणत नाही. ‘दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन’ असं म्हणतो, आणि हात वर झाला की खरोखर थांबतो.

इंजेक्शनचं दुखणंसुद्धा सुईपेक्षा वेगावर जास्त अवलंबून असतं. मिनिटाला साधारण एक मिलिलिटर या गतीने औषध सोडावं, असं शिकवलं जातं. औषध घाईने ढकललं की ऊती ताणल्या जातात आणि पेशंट खुर्चीचे हात घट्ट पकडतो. हळू इंजेक्शन द्यायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, लागतात ती दीड-दोन मिनिटं. बाहेर सात माणसं घड्याळाकडे बघत बसलेली असताना ती मिनिटं काढणं, यात दवाखाना चालवण्याची निम्मी परीक्षा आहे.

दंतवैद्याचा खर्च कशावर होतो, याचा अंदाज पेशंटला सहसा नसतो. त्याला वाटतं, एवढ्याशा सिमेंटला इतके पैसे? जागेचं भाडं, खुर्चीचा हप्ता, कॉम्प्रेसर, एक्स-रे, मदतनिसाचा पगार, लॅबचं बिल, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्याचे पैसे, हे सगळं पेशंट आला तरी आणि न आला तरी चालूच असतं. कॅप आम्ही बनवत नाही. माप घेऊन लॅबला पाठवतो, तिथला तंत्रज्ञ ती घडवतो. नस काढणारा, तारा लावणारा, अक्कलदाढ काढणारा असे तज्ज्ञ ठरलेल्या वारी आपली बॅग घेऊन येतात आणि एका दिवसात दोन-तीन क्लिनिकं करतात. त्यांचाही वाटा असतो. या सगळ्या हिशेबात विकण्याजोगी वस्तू एकच, खुर्चीवरचा वेळ. अपॉइंटमेंट घेऊन न येणारा पेशंट हा आमच्या धंद्यातला खरा तोटा, कारण गेलेला पाऊण तास उद्या विकता येत नाही.

त्या पाऊण तासात काय होतं? रूट कॅनॉलचंच घ्या. खालच्या दाढेत साधारण तीन नलिका असतात, कधी चार. दाढेच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी वीसेक मिलिमीटर. त्या नलिकेत पहिल्यांदा उतरते ती फाइल टोकाला 0.10 मिलिमीटर जाडीची, केसाएवढी. ती बोटांच्या चिमटीत धरून अलगद फिरवत न्यायची. नलिका वाकडी असली तर फाइलही तशीच वाकवून घ्यायची. मग जरा जाड, मग आणखी जाड. मध्ये मध्ये सोडियम हायपोक्लोराइटने धुवायचं, कारण फाइल जिथे पोचत नाही तिथे हे द्रावण पोचतं आणि कुजलेला गर विरघळवतं. शेवटी सगळी पोकळी गटापर्चाने भरून बंद करायची. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ. एक्स-रेवर तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. रेघ मुळाच्या टोकाच्या किंचित अलीकडे थांबली की काम नीट झालं. फारच आत राहिली किंवा बाहेर गेली, तर दोन वर्षांनी पुन्हा ठणका.

पेशंटला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती वरची कॅप, आणि ती छान चमकते.

दंतवैद्यकाचा सगळा पेच इथे आहे. आपल्याच तोंडातलं काम माणसाला दिसत नाही, दिसलं तरी कळत नाही, आणि चुकलं असेल तर ते कळायला वर्षं जातात. मग तो कशावरून पारखणार? दुखलं का, एसी होता का, डॉक्टर हसून बोलले का, शेजारच्यापेक्षा स्वस्त पडलं का. या चारही गोष्टी फ्लेक्सवर छापता येतात. नलिका टोकापर्यंत भरली की नाही, हे छापता येत नाही.

अमेरिकेत 1997 मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’च्या एका पत्रकाराने एक गंमत केली. तेच तोंड घेऊन तो 28 राज्यांतल्या 50 दंतवैद्यांकडे गेला आणि काय करायला लागेल, किती खर्च येईल, एवढंच विचारत राहिला. सगळ्यात कमी अंदाज 500 डॉलरच्याही आतला, सगळ्यात जास्त जवळपास 30,000 डॉलरचा. तोंड एकच! लेख छापून आल्यावर तिथल्या दंतवैद्यांत मोठी खळबळ उडाली.

यातला सगळा फरक लबाडीचा होता, असं मी म्हणणार नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, खनिजांचं बनलेलं असतं. आपण गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. आम्लता वाढून सामू 5.5 च्या खाली गेला की कवचातली खनिजं सुटू लागतात, आणि मग अर्धा-पाऊण तासात लाळ पुन्हा सगळं ताळ्यावर आणते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात कितींदा खाल्लं याला महत्त्व जास्त. जेवणानंतर एकदाच श्रीखंड हादडणाऱ्यापेक्षा दर तासाला अर्धा कप चहा आणि एक बिस्किट घेणाऱ्याचे दात लवकर किडतात. कीड सुरू होते ती खडूसारख्या पांढऱ्या डागाने. या टप्प्यावर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंग यांनी ती थांबते, मागेही फिरते. खड्डा पडला की मात्र फिलिंगला पर्याय नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा धूसर पट्टा आहे. दाढेच्या खाचेत काळी रेघ आहे, टोचून बघितलं तर मऊ लागत नाही. एक डॉक्टर म्हणेल, कोरून भरून टाकू. दुसरा म्हणेल, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दोघांकडेही आपापली कारणं असतात.

पण दोघांच्या कमाईत फरक पडतो, आणि ही गोष्ट आमच्या व्यवसायात मोकळेपणाने कुणी बोलत नाही. दंतवैद्याला पैसे मिळतात ते काही केल्याचे. ‘आत्ता काही करू नका’ हा सल्ला द्यायला अनेकदा जास्त ज्ञान लागतं, पण त्याची फी मागितली की पेशंटच्या कपाळाला आठ्या. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही. फिजिशियनला बघायचे पैसे देताना हाच माणूस कुरकुरत नाही. मग डॉक्टरही ‘तपासणी मोफत’ची पाटी लावतो, आणि मोफत तपासणीचे पैसे कुठून तरी काढावेच लागतात. धूसर पट्ट्यातली काळी रेघ मग त्याला जरा जास्तच काळी दिसू लागते. माझं मत विचाराल तर तपासणीची फी ठळक लावणारा दवाखाना मोफतवाल्यापेक्षा भरवशाचा. तिथे ‘काही नको’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता तरी असते.

धंद्याच्या दृष्टीनेही हाच सौदा फायद्याचा ठरतो. ज्या पेशंटला मी एकदा काही न करता परत पाठवलं, तो पुढच्या वेळी बायकोला, आईला, साडूला घेऊन येतो. ‘तो डॉक्टर उगाच काही करत नाही’ हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा बोललं गेलं की त्याची बरोबरी कुठलाही फ्लेक्स करत नाही. त्याला वेळ मात्र लागतो, चार-पाच वर्षं सहज. नव्या मुलांकडे नेमका तोच वेळ नसतो. पाच वर्षं शिकून, कर्ज काढून क्लिनिक टाकलेलं असतं आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. ज्यांना तेही जमत नाही ती मुलं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राबतात. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, आणि बाहेर पडणारी बहुतेक मुलं शहरातच थांबतात. एकाच चौकात चार क्लिनिकं, आणि तालुक्याच्या पलीकडच्या वाडीत दाढ दुखली तर एसटीने अर्ध्या दिवसाचा प्रवास. चौकातल्या चौघांनी मग एकमेकांपेक्षा मोठ्या पाट्या लावल्या, तर नवल वाटायला नको.

जाहिरातीचे मार्गही बदलले. गूगलवरचे तारे आले; उपचार संपता संपता ‘सर, एक रिव्ह्यू टाका ना’ म्हणून रिसेप्शनवरून मोबाइल पुढे होतो. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर चढतात. फोटोत दात पांढरेशुभ्र असतात, पण त्यासाठी चांगलं इनॅमल किती तासलं ते फोटो सांगत नाही, आणि तासलेलं इनॅमल परत येत नाही. शाळेत, गणेश मंडळात शिबिरं भरतात. यातली काही अतिशय चांगली असतात. पालकांना पहिल्यांदा कळतं की सहाव्या वर्षी आलेली दाढ दुधाची नसते, ती जन्माची असते. काही शिबिरांत मात्र प्रत्येक मुलाच्या कार्डावर ‘चार फिलिंग’ असा शिक्का ठरलेलाच. पेशंट पाठवल्याबद्दल कट देणं-घेणं आचारसंहितेत साफ निषिद्ध आहे. ते कितपत पाळलं जातं, हे डॉक्टरांच्या कुठल्याही पार्टीत जेवणं झाल्यावर ऐकावं.

टूथपेस्टवाल्यांची तऱ्हा तर न्यारीच. टूथपेस्ट, ब्रश, माउथवॉश यांच्या जाहिरातीला आपलं नाव वापरू देणं भारतीय दंतवैद्याला मना आहे. यावर तोडगा म्हणून सेन्सोडाइनच्या जाहिरातींत परदेशात व्यवसाय करणारे दंतवैद्य येऊन शिफारस करू लागले. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या जाहिराती थांबवायचा आदेश दिला. इथल्या डॉक्टरला जे बंद आहे ते बाहेरच्याकडून करून घेऊन कायद्याला बगल देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पेनलेस पार्करला हा डाव नक्की आवडला असता.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत एक वेगळाच हंगाम असतो. अमेरिका-इंग्लंडमधली मराठी मंडळी पुण्या-ठाण्यात सुट्टीला येतात आणि लग्नं, हुरडा, नातेवाईक यांच्या मधल्या फटीत दातांची कामं बसवतात. तिकडच्या विम्यात दातांच्या खर्चाला मर्यादा असते आणि बिल अंगावर येतं, म्हणून हा बेत. रूट कॅनॉल आणि कॅप तीन आठवड्यांत होऊन जातात. इम्प्लांटचं तसं नाही. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवला की हाड त्याला घट्ट धरून घ्यायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. स्वीडनच्या ब्रॅनेमार्कने 1965 मध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, त्याची सगळी मदार हाड आणि टायटॅनियम यांच्या या सावकाश जुळण्यावर होती. ‘काही तासांत नवे दात’ ही जाहिरात काही निवडक जबड्यांना लागू पडते, सगळ्यांना नाही. सुट्टीच्या हिशेबाने हाडाला घाई करायला सांगणारे पेशंट असतात, आणि ‘हो’ म्हणणारे डॉक्टरही.

हा व्यवसाय आपल्याकडे तसा तरुणच. कलकत्त्यात रफीउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाने त्याचा खर्च ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान चालवून भागवला. म्हणजे गोड पेयांच्या पैशातून दंतवैद्यक उभं राहिलं. मला हा योगायोग फार आवडतो. तोवर आणि नंतरही बराच काळ दात काढायचे ते न्हावी, वैदू, रस्त्याच्या कडेला चटई टाकून बसलेले कवळीवाले, आणि मुंबई-कलकत्त्यात पिढीजात हे काम करणारे चिनी लोक. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने या सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढलं नाही. नोंदवहीचे दोन भाग केले, पदवीधर ‘अ’ भागात, आणि निदान पाच वर्षं याच कामावर पोट भरणारे बिनपदवीचे ‘ब’ भागात. व्यवहारी तोडगा होता. सगळे बाहेर काढले असते तर लोकांचे दात बघणार कोण? पाटीवर ‘टीथ’ लिहू नका, शोकेस मांडू नका, हे 1976 चे नियम त्या रस्त्यावरच्या धंद्यापासून स्वतःला वेगळं दाखवण्याच्या धडपडीतून आले असावेत, असं मला वाटतं. आता 1948 च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा 2023 मध्ये संसदेने केला आहे. पाटीचं काय होतं ते बघू.

पाटीपेक्षा आमच्या खुर्चीवरून दिसणारी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरत होते, आणि त्यात बिनधुराची तंबाखू सगळ्यात पुढे. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पुडीचा वास आमच्या खुर्चीपर्यंत रोज येतो. खेड्यातल्या बायका मिश्री लावतात, आणि त्यांच्या लेखी ते व्यसन नसतंच, दात घासणं असतं. माणूस येतो दाढ दुखते म्हणून. ‘आ करा’ म्हटलं की तोंड अर्धंच उघडतं. मग मी त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात, याची दोन जेमतेम. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, चामड्यासारखं ताठ. सुपारी-गुटख्याने होणारा हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, आणि तो पहिल्यांदा पाहणारा अनेकदा दंतवैद्यच असतो. या पाच मिनिटांचं बिल होत नाही, फोटो टाकता येत नाही, तारे मिळत नाहीत. तरीही आमच्या पदवीचा समाजाला सगळ्यात मोठा उपयोग याच पाच मिनिटांत होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दाताच्या दवाखान्यात गेलात तर पाटीच्या आकाराकडे बघू नका, तिच्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. अवजारांचं पाकीट तुमच्या समोर फाडायला सांगा. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं किंवा 134 अंशांवर तीनेक मिनिटं वाफेत राहून आलेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, तो डोळ्यांनी दिसतो. एक्स-रे समोर ठेवून समजावून घ्या आणि प्रत मागा, ती तुमची आहे. मोठा खर्च सांगितला तर ‘हे आत्ता नाही केलं तर काय होईल?’ एवढं विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. तपासणीची फी मागितली तर मुकाट्याने द्या. आणि क्रमांकाबद्दल शंका आली, तर तो महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे पडताळून पाहता येतो.